मेंढराच्या चालीनं परीक्षेला

पाचोडच्या बाजारात माझ्या या प्रवासाच्या बऱ्याच गोष्टी फिरतात. एकीत मी रस्ता चुकलो. दुसरीत मी नातीचा पेपर बुडवायला निघालो होतो. तिसरीत मी ओढ्याकाठी उभा राहून हवेशी बोलत होतो. पहिल्या दोन साफ खोट्या आहेत, म्हणून लिहायला बसलो. माझं शिक्षण निजामाच्या वेळचं, उर्दू तिसरीपर्यंत. तेही मास्तरला फुरसत असेल तेव्हा. मराठी वाचायला मी एसटीच्या पाट्या बघत शिकलो, तेव्हा लिहिण्यात काही कमीजास्त झालं तर एसटीकडं तक्रार करावी.

आमची कौसा, म्हणजे माझ्या थोरल्या लेकाची पोरगी, दहावीला बसली आणि सगळ्या विषयात पास होऊन एकट्या गणितात अडकली. त्यातही बीजगणितात, आणि त्यातही वेग, वेळ अन् अंतराच्या उदाहरणांत. ऑक्टोबरात पुन्हा पेपर द्यायचा होता आणि केंद्र आलं औरंगाबादला. इकडं बिडकीनचे पाहुणे सोयरिकीला टपून बसले होते. त्यांच्या पोराच्या नावावर लई मेंढरं आणि डोक्यात काहीच नाही. पण घरात बोलणं ठरलं होतं, की पास झाली तर पोरगी नर्सचं शिकायला जाईल आणि नापास झाली तर दिवाळीनंतर बिडकीनला. पाहुण्यांचा कारभारी बाजारात मला म्हणाला, "धनगराच्या पोरीला बीजगणित कशाला? मेंढरं मोजता आली म्हणजे झालं." मी म्हणालो, "तुमच्या पोराला तेवढं तरी येतं का?" तेव्हापासून हा पेपर कौसाचा कमी आणि माझा जास्त झाला होता.

लेक मेंढरं घेऊन गंगथडीला, गोदावरीकाठी, उतरलेला. सून वस्तीवर. सोबत जायला उरलो मी. शहरात माझा जावई मारुती असतो, चिकलठाण्याच्या कारखान्यात कामाला. त्यानं निरोप धाडला होता, "मामा, विद्यापीठाच्या नावावरून बंद व्हायचं चिन्ह आहे. गाड्या अडल्या तर घाबरू नका. तुम्ही तिकडून चालत निघा, मी इकडून सायकल काढतो. मधे भेटू आणि कौसाला मी सायकलवर पुढं आणतो."

मधे भेटू! जावयाचं सगळं बोलणं असंच सोपं असतं.

आडूळ

एसटीनं आम्हाला आडूळपर्यंत आणलं आणि तिथं कंडक्टरनं हात वर केले. पुढं टायरं जळत होती म्हणे. गाडीतले सगळे खाली उतरून विद्यापीठाच्या नावावर बोलायला लागले. निम्मे म्हणत होते नाव बदललंच पाहिजे, निम्मे म्हणत होते मेलो तरी बदलू देणार नाही, आणि त्यातल्या एकानंही विद्यापीठाचं दार बघितलेलं नव्हतं. मीही नव्हतं. पण मी गप्प बसलो, एवढा फरक.

कौसानं पुस्तक काढलं. म्हणाली, "आबा, हे बघा. हे आपलंच उदाहरण हाय. दोन माणसं दोन गावांहून एकाच वेळी समोरासमोर निघाली. एक चालत, एक सायकलवर. तर कुठं भेटतील?"

"पुस्तकातला चालणारा पाणी प्यायला थांबतो का?"

"नाय."

"तंबाखू मळतो का?"

"नाय, आबा."

"वाटेत वळखीचं कुणी भेटलं तर?"

"त्याला कुणी भेटत नाय."

"मग तो मेलेला हाय. मेलेल्या माणसाचा वेग काढून काय करायचा?"

तिनं माझ्याकडं दुर्लक्ष करून कागदावर आकडे मांडले. माझी चाल ताशी इतकी, मारुतीची सायकल ताशी तितकी, म्हणजे चित्तेपिंपळगावच्या अलीकडं भेट. मधेच एका जागी तिनं फुलीसारखं काहीतरी काढलं होतं. मी विचारलं, हे काय?

"हा एक्स. जे मालूम नाय त्याला एक्स मानायचं. मग त्याच्याकडून सगळं काम करून घ्यायचं. शेवटी कळतं तो कोण होता ते."

मी म्हणालो चांगलं आहे. शहरात नावावरून टायरं जळतात आणि पुस्तकात बिनानावाचा गडी सगळं काम ओढतो.

ओढ्याची वाट

आता बाजारवाल्यांनी नीट वाचावं. मी रस्ता चुकलो नाही. मी रस्ता सोडला, आणि जाणून सोडला. डांबरी सडक आपल्या बापजाद्यांची नाही. आमच्या माणसांनी औरंगाबादच्या बाजाराला मेंढरं नेली ती सडकेच्या डाव्या अंगानं, ओढ्याओढ्यानं, टेकाडांच्या पोटातून. ती वाट जवळची आहे, सावलीची आहे आणि तिथं टायर जाळायला कुणी येत नाही.

कौसा म्हणाली, "आबा, मारुतीमामा सडकेनं येणार."

"येऊ दे की. सडक दिसेल आपल्याला."

सडक काही वेळ दिसली. मग टेकाड आडवं आलं.

पण ज्यांनी तो मुलूख पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, पावसाळा सरल्यावर ती वाट बघण्यासारखी असते. तरवडाला पिवळं फूल, बांधाला गुडघाभर पवन्या गवत, तुरी कमरेला लागलेल्या. गवत इतकं की मेंढरू चरताना मान वर करणार नाही. मी प्रत्येक वळणावर उभा राहून कौसाला दाखवत होतो, इथं आमचा मेंढरांचा वाडा बसायचा, इथं लांडगा आला होता. ती पुढं जाऊन थांबायची. मी पोचलो की परत चालायची.

पहिल्या ओढ्याला मी थांबलो. दुसऱ्याला थांबलो. तिसऱ्या ओढ्यात उतरलो, पाणी प्यालो, काठावर काठी रोवून उभा राहिलो आणि हलकीशी शीळ घालत राहिलो, तशी आपण मेंढरं पाण्याला लावताना घालतो. बराच वेळ उभा होतो.

कौसा पलीकडच्या काठावर एक हात कमरेवर ठेवून उभी. म्हणाली, "आबा, कुणाला पाजताय?"

मी मागं बघितलं. मागं काहीच नव्हतं. उगं ओढा होता.

ही ती तिसरी गोष्ट. हवेशी बोलत नव्हतो, शीळ घालत होतो. साठ वर्षं मेंढरामागं चाललेला माणूस एका दिवसात माणसासारखा चालत नाही, यात हसण्यासारखं मला तरी काही दिसत नाही. कौसाला दिसलं. ती खाली बसून हसली आणि हसता हसताच तिच्या चपलेचा अंगठा तुटला. मग मी हसलो.

पण बसल्या जागी तिनं कागद काढला आणि तिचं तोंड उतरलं. म्हणाली, "आबा, मी तुमची चाल माणसाची धरली होती. ती मेंढराची निघाली. आणि वाट दोघांची एकच धरली होती. मामा कवाच पुढं निघून गेले असतील."

"गेला तर येईल माघारी."

"कुठं येईल? आपण सडकेवर नाहीच."

मी काठी उचलली आणि पुढं निघालो.

टेकाडाखालची वस्ती

दिवस कलताना पाचसहा घरांची वस्ती लागली. पत्र्याची घरं, अंगणात झेंडू, एका दारावर बुद्धाची तसबीर. एक घर अर्धं जळून काळं पडलेलं. नावाची तकरार मराठवाड्यातल्या सगळ्यांची होती, पण घरं एकाच बाजूची जळत होती, हे मी शिकलेला नसूनही मला दिसत होतं.

मी पुढं झालो तसा एक गडी दारातून बाहेर आला. चाळिशीचा, अंगात कारखान्याचा खाकी सदरा. "तिथंच थांबा. काठी खाली ठेवा आधी."

आता धनगराला कुणी काठी खाली ठेव म्हणणं म्हणजे काय, ते तुम्हाला मालूम आहे. मी म्हणालो, "ही काठी माझ्या बापानं कुणापुढं ठेवली नाय."

"मग बापाला घेऊन दुसऱ्या वाटेनं जा, म्हातारबा. मागल्या वेळी काठ्या घेऊनच आले होते."

आम्ही दोघं तसेच उभे. मी सकाळपर्यंत उभा राहिलो असतो आणि तोही राहिला असता. मधे अनवाणी पोरगी. ती आली, माझ्या हातातून काठी काढून घेतली, त्याच्या उंबऱ्याला टेकवून ठेवली आणि म्हणाली, "मामा, उद्या माझा दहावीचा पेपर हाय शहरात. पाणी द्या."

त्या गड्याचं नाव काशिनाथ. त्याची बायको राहीबाई आतून तांब्या घेऊन आली आणि नवऱ्यालाच म्हणाली, "काय बाई माणूस! लेकरू अनवाणी उभं हाय आणि हा काठीचा पंचनामा करतोय. जय भीम दादा, बसा."

मी म्हणालो, "राम राम." तीही हसली, मीही बसलो.

बाजारात मला हळू आवाजात विचारतात, त्यांच्यात जेवलास का? मोठ्या आवाजात सांगतो, जेवलो. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि वर लसणाचा ठेचा. भाकरी आमच्या म्हातारीच्या भाकरीपेक्षा पातळ होती. म्हातारीला वाचता येत नाही म्हणून लिहितो.

जेवण तयार होईपर्यंत उजेड होता. कौसा अंगणात पुस्तक घेऊन बसली आणि मी काशिनाथला पुस्तकातली माणसं कशी आहेत ते सांगितलं. तहान नाही, भूक नाही, वळखपाळख नाही. तोही पुस्तक वाकून बघायला लागला.

"ह्यात गाडी निघाली ती पोचतेच का?" त्यानं विचारलं.

"पोचतेच," कौसा म्हणाली.

"मोर्चा आडवा येत नाय?"

"नाय."

"मग ही गाडी आपल्याकडली नाय," काशिनाथ म्हणाला आणि राहीबाई भाकरी थापता थापता हसली.

मग मी माझी हुशारी दाखवली. एक्सचं सांगितलं. म्हणालो, नावावाचून कसं सगळं चालतं बघा. बिनानावाचा गडी सगळं काम करतो पुस्तकात, तक्रार नाही.

काशिनाथ हसला नाही. म्हणाला, "पुस्तकातच कशाला, म्हातारबा? बिनानावाच्या गड्यानंच आजवर सगळं काम केलं. मेलेली ढोरं त्यानं ओढली, वेशीबाहेर तो राह्यला. म्हणून तर नाव पायजे."

कौसानं पुस्तक मिटलं, परत उघडलं.

सकाळ

काशिनाथ चिकलठाण्यालाच कामाला. बंद असो नसो, तो आडवाटेनं सायकल काढून पाळीला जायचा. म्हणाला, "कंपनीच्या भोंग्याला नामांतर कळत नाय. खाडा लावतात." कौसाच्या पेपरची शाळा त्याच्याच वाटेवर होती.

उजाडताच मी काठी घेतली आणि म्हणालो, चल. कौसा उठली नाही. कागद घेऊन बसली होती. रात्रीतून पायाला फोड आलेला, राहीबाईनं आपल्या चपला दिल्या होत्या, त्या दोन बोटं मोठ्या.

"आबा," ती म्हणाली, "पेपर अकराला हाय. तुमच्या चालीनं आपण तीनला पोचतो."

"मी भरभर चालीन."

"काल पण तुम्ही असंच म्हणला होता."

"मग काय करावं म्हणतीस?"

तिनं काशिनाथच्या सायकलीकडं बघितलं. मागं चांगलं रुंद कॅरिअर होतं.

आता माझी पंचाईत ऐका. परक्या गड्याच्या सायकलीवर पोरगी धाडली, तर बिडकीनच्या पाहुण्यांना तोंडात धरायला जन्माचं मिळालं. नाही धाडली तर पोरगीच त्यांना मिळाली. मी बराच वेळ उभा राहिलो. कुणी मला काही सांगितलं नाही, हे त्या घराचं मोठेपण. राहीबाई एवढंच म्हणाली, "माझी बहीण शाळेजवळच राहती. तिच्याकडं बसवून मगच हे पाळीला जातील."

कौसा म्हणाली, "आबा, हे उदाहरण मी पुन्हा पुन्हा सोडवलं. उत्तर एकच येतंय."

मी म्हणालो, "जा. पण घट्ट धर. आणि पुस्तकातल्या माणसासारखी जा, कुठं थांबू नकोस."

ती बसली. जाताना काशिनाथ तिला पुढच्या वाटेचं काहीतरी सांगत होता आणि ती माझ्याकडं वळून बघत होती. मग ओरडली, "आबा, तुम्ही सव्वा वाजता पोचाल!"

सव्वा! आजवर सरकारला माझ्या येण्याजाण्याची वेळ सांगता आली नाही. मी मनाशी ठरवलं, हिचं उत्तर खोटं पाडायचं. पेपर सुटायच्या आत फाटकात उभं राहायचं.

कुंपण

आणि तरी पाय आपल्याच चालीनं चालले. मी रागावत होतो, ते चरत होते.

शहर जवळ आलं ते धुराड्यांवरून कळलं. ज्या माळावर आमची मेंढरं रात्रीची बसायची, तिथं आता कारखान्याच्या भिंती. गवत नाही, पण खांब लई उगवलेत. आमची जुनी वाट सरळ एका तारेच्या कुंपणात शिरून पलीकडं निघत होती. मी तार वर केली तसा पहारेकरी धावत आला.

"चाचा, इधर से रास्ता नहीं है."

"हा रस्ता माझ्या बापाचा हाय."

"तो बाप को बुलाव. मेरे कू लेटर दिखाव."

बाप लोकांना फार लागतो या भागात. मी त्याला समजावून सांगितलं की कारखाना नव्हता तेव्हापासून इथून मेंढरं जातात. त्यानं विचारलं, मेंढरं कुठं आहेत? मी पुन्हा एकदा मागं बघितलं. तो पण बघायला लागला. शेवटी तो म्हणाला, चाचा, मेंढरं घेऊन या, मग बघू. शहरात माणसाला सोडत नाहीत, मेंढराचा विचार होतो, एवढं मी त्यावरून शिकलो.

तिथून मी डांबरावर चढलो आणि जन्मात चाललो नाही तसा चाललो. तहान लागली, थांबलो नाही. तंबाखू मळली नाही. मुकुंदवाडीजवळ कुणीतरी वळखीच्या आवाजात हाक मारली, तर वळलो नाही. भिंतीभिंतीवर नावाच्या घोषणा होत्या, दोन्ही बाजूंच्या, एकावर एक. त्याही वाचल्या नाहीत. पुस्तकातला माणूस झालो म्हणा ना.

शाळेचं फाटक

पेपर सुटला होता. पोरं पांगली होती. रस्त्यापलीकडं चहाच्या गाड्यावर कौसा बाकड्यावर बसलेली, पायात राहीबाईच्या चपला, समोर दोन कप. एक तिनं माझ्याकडं सरकवला. मी तोंडाला लावला तर जीभ भाजली. इतका ताजा.

चहावाल्याच्या मागच्या भिंतीवर घड्याळ होतं. मी तिकडं बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

"काशिनाथनं येताना मला बघितलं असेल," मी म्हणालो.

"ते पाळीवर हायत."

"मग चहा कसा सांगितलास?"

"वेळ झाली म्हणून."

मी अर्धा कप प्यालो. मग मुद्द्याचं विचारलं. "ते आलं होतं का? समोरासमोर निघालेल्यांचं?"

"आलं होतं. दोन गाड्या."

"मग?"

"भेटल्या."

"भेटणारच. त्यांच्यात जावई नव्हता." मारुती, ते नंतर कळलं, सायकलवर थेट पाचोडला पोचला होता. म्हातारीनं त्याला कोंबडी कापून घातली. या सबंध प्रवासात सुखात प्रवास झाला तो त्याचा.

मग मला राहवेना. म्हणालो, "सकाळी म्हणालीस माझ्या चालीनं तीन वाजतात. मग सव्वा कुठून काढलास?"

तिनं कागद पुढं केला. मला त्यातलं काय कळणार. बोट ठेवून सांगायला लागली. "काशिनाथमामांनी सांगितलं की पुढं कंपनीचं कुंपण लागतं. तर कुंपणापर्यंत मी मेंढराची चाल धरली. कुंपणापाशी भांडणाला थोडा वेळ धरला. आणि तिथून पुढं सडकेनं, तुमच्या हट्टाची चाल."

"हट्टाची चाल किती असते, ते कुठल्या पुस्तकात दिलंय?"

"नाय दिलं." तिनं कप खाली ठेवला. "पण तेवढंच तर मालूम होतं, आबा. त्याच्यावरूनच बाकीचं सगळं काढलं."

परतताना गाड्या चालू झाल्या होत्या, तरी आम्ही वाट वाकडी करून वस्तीवर उतरलो. चपला परत द्यायच्या होत्या. मी उंबऱ्यापाशी गेलो आणि कुणी सांगायच्या आत काठी भिंतीला टेकवली. राहीबाईनं भाकरी टाकली.

निकाल लागला तो बाजाराच्या दिवशी. कौसा पास. बिडकीनला कळवायला लेक म्हणाला टपाल टाकू, मारुती म्हणाला मी सायकलवर जातो. मी दोघांनाही बसवलं. हा निरोप मीच नेणार. आणि नेला. चालत, ओढ्याओढ्यानं, प्रत्येक पाण्याला काठी रोवून उभा राहत, मेंढराच्या चालीनं. पाहुणे वाट बघत असतील, तर बघू देत की.